एचआयव्हीची तपासणी करायची आहे? दिवस मोजण्यापासून रिपोर्ट वाचण्यापर्यंत

एचआयव्हीच्या तपासणीत घोळ होतो तो दोन ठिकाणी. एक, चाचणी चुकीच्या दिवशी केली जाते. दोन, एकाच कागदावर भरवसा ठेवून मोठे निर्णय घेतले जातात. संबंधानंतर आठव्या दिवशी ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट घेऊन निर्धास्त झालेल्या माणसाला अर्धीच गोष्ट कळलेली असते. खासगी लॅबच्या कागदावर ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ हा शब्द वाचून खचलेल्या माणसाचंही तसंच; या शब्दाचा अर्थ चाचणीत संसर्गाची खूण दिसली एवढाच, पक्कं निदान नव्हे. त्यामुळे कुठलाही रिपोर्ट हातात आला की आधी दोन प्रश्न विचारायचे: ही चाचणी कोणत्या प्रकारची होती, आणि ती कितव्या दिवशी केली?

खाली दिलेली पद्धत महाराष्ट्र आणि गोव्यातल्या सरकारी केंद्रांना धरून आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचे, म्हणजे नॅकोचे, नियम देशभर सारखे असल्यामुळे इतर राज्यांतही टप्पे हेच राहतात.

१. आधी तास मोजा

धोक्याचा प्रसंग घडून ७२ तास झालेले नसतील, तर चाचणीचा विचार बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. धोक्याचा प्रसंग म्हणजे निरोधशिवाय झालेला किंवा निरोध फाटलेला संबंध, लैंगिक अत्याचार, दुसऱ्याची वापरलेली सुई टोचणं. अशा वेळी संसर्ग टाळण्यासाठी २८ दिवसांची औषधं असतात, त्यांना ‘पेप’ म्हणतात. पहिली गोळी जितकी लवकर पोटात जाईल तितकं चांगलं. शक्य असेल तर दोन तासांच्या आत, आणि काही झालं तरी ७२ तासांच्या आत. त्यानंतर सुरू केलेल्या औषधांचा उपयोग होत नाही.

जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठा आणि थेट अपघात विभागात जा. रात्र असो की रविवार, हा विभाग उघडा असतो. ओपीडी सुरू होण्याची वाट पाहत बसू नका. सुई टोचलेले आरोग्य कर्मचारी आणि अत्याचारग्रस्त व्यक्ती यांना सरकारी रुग्णालयात ही औषधं मोफत मिळतात. इतरांना ती तिथे मिळाली नाहीत, तर त्याच दिवशी खासगी फिजिशियनकडून चिठ्ठी लिहून घ्या. सुई टोचली असेल तर जखम साबण आणि पाण्याने धुवा. ती पिळू नका, तिच्यावर स्पिरिट किंवा डेटॉल ओतू नका.

पेप सुरू करताना रक्ताची एक चाचणी करतात. तुम्हाला आधीपासून संसर्ग आहे का, एवढंच ती सांगते. परवाच्या प्रसंगाबद्दल तिच्यातून काही कळत नाही. तिच्या रिपोर्टसाठी पहिली गोळी लांबवू नका, आणि कोणी लांबवायला सांगितलं तर आग्रह धरा.

२. मग दिवस मोजा

विषाणू शरीरात शिरल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंत जो काळ जातो, त्याला विंडो पिरियड म्हणतात. प्रत्येक चाचणी रक्तात वेगळी गोष्ट शोधते, त्यामुळे प्रत्येकीचा विंडो पिरियड वेगळा असतो.

विषाणूची जनुकीय सामग्री, म्हणजे आरएनए, रक्तात सर्वांत आधी येते. ती शोधणाऱ्या चाचणीला ‘नॅट’ किंवा पीसीआर म्हणतात. तिच्यात संसर्ग साधारण १० ते ३३ दिवसांत दिसतो. त्यानंतर विषाणूच्या गाभ्यातलं पी२४ हे प्रथिन रक्तात दिसू लागतं. चौथ्या पिढीची चाचणी हे प्रथिन आणि विषाणूशी लढण्यासाठी आपल्या शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं, दोन्ही एकदम शोधते. शिरेतून रक्त घेऊन ही चाचणी यंत्रावर केली, तर १८ ते ४५ दिवसांत संसर्ग कळतो. प्रतिपिंडं सर्वांत शेवटी येतात. फक्त प्रतिपिंडं शोधणाऱ्या चाचण्यांना २३ ते ९० दिवस लागतात, आणि बहुतेक रॅपिड टेस्ट याच प्रकारात मोडतात.

यातला पहिला आकडा ‘लवकरात लवकर’ आणि दुसरा ‘उशिरात उशिरा’ असा वाचायचा. लोक पहिला आकडा धरतात आणि फसतात. पॉझिटिव्ह आलं तर ते अठराव्या दिवशीही येऊ शकतं, पण ‘निगेटिव्ह’वर विसंबायचं असेल तर दुसराच आकडा धरायला हवा. प्रसंग १ जूनचा असेल, तर चौथ्या पिढीच्या चाचणीचे ४५ दिवस १६ जुलैला भरतात आणि रॅपिड टेस्टचे ९० दिवस ३० ऑगस्टला. मधल्या काळात चाचणी जरूर करा, पण त्या रिपोर्टकडे शेवटचा निकाल म्हणून पाहू नका.

प्रसंग एकापेक्षा जास्त असतील, तर दिवस शेवटच्या प्रसंगापासून मोजा. पेप घेतलं असेल, तर २८ दिवसांचा कोर्स संपल्यानंतरचे दिवस धरा, कारण औषधांमुळे विषाणू काही काळ दबून राहतो आणि प्रतिपिंडं उशिरा तयार होतात. पेप देणारं केंद्र पुढच्या तारखा लिहून देतं, साधारणपणे सहा आठवडे, तीन महिने, आणि गरज वाटली तर सहा महिने. ‘मला काही होत नाहीये’ म्हणून यातली शेवटची तारीख चुकवणारे बरेच असतात. संसर्ग टाळण्यासाठी रोज प्रेपची गोळी घेणाऱ्यांनी तपासणीच्या वेळी तसं आवर्जून सांगावं; प्रेपमुळेही चाचणी गोंधळू शकते.

विंडो पिरियड पूर्ण होईपर्यंत निरोध वापरायचा आणि रक्तदान करायचं नाही. याच दिवसांत रक्तातल्या विषाणूचं प्रमाण अतिशय जास्त असतं आणि चाचणी मात्र निगेटिव्ह येऊ शकते. म्हणजे जोडीदाराला सर्वांत जास्त धोका याच काळात असतो.

३. जागा निवडा

पहिला पर्याय आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. जिल्हा रुग्णालय (लोकांच्या तोंडी सिव्हिल), उपजिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय आणि महापालिकेची मोठी रुग्णालयं इथे ते असतं. बऱ्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांतही प्राथमिक तपासणीची सोय असते. चाचणी आणि समुपदेशन दोन्ही मोफत. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक फिरवा. फोनला पैसे पडत नाहीत आणि नाव सांगण्याची सक्ती नसते.

ओळखीचं कोणी भेटेल या भीतीने बरेच जण गावातल्या केंद्रात जायचं टाळतात. त्यांच्यासाठी सोपा उपाय म्हणजे दुसऱ्या तालुक्यातलं किंवा दुसऱ्या जिल्ह्यातलं केंद्र. कुठल्याही आयसीटीसीत कुठलाही माणूस जाऊ शकतो, तिथला रहिवासी असण्याची अट नाही.

दुसरा पर्याय खासगी लॅब. तिथे मुख्य फायदा आहे तो चौथ्या पिढीची चाचणी मिळण्याचा. प्रसंग तीन महिन्यांपेक्षा अलीकडचा असेल तर हा फायदा मोठा ठरतो. मात्र काउंटरवर नुसतं ‘एचआयव्हीची टेस्ट करायची आहे’ असं म्हणू नका. ‘एचआयव्ही एक आणि दोनची प्रतिपिंडं आणि पी२४ अँटिजेन, दोन्ही एकत्र, यंत्रावर केलेली चाचणी’ असं स्पष्ट विचारा; एक आणि दोन हे एचआयव्हीचे दोन प्रकार आहेत, आणि अँटिजेन म्हणजे वर सांगितलेलं प्रथिन. अनेक ठिकाणी याच नावाखाली रॅपिड कार्ड टेस्ट केली जाते आणि तुम्ही पंचेचाळिसावा दिवस भरला म्हणून निश्चिंत होता. लॅबला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का, तेही पाहा.

तिसरा प्रकार म्हणजे फिरती व्हॅन, वस्तीत भरणारी शिबिरं आणि संस्थांनी घेतलेल्या तपासण्या. इथे बोटाला टोचून एकच चाचणी होते. ती निगेटिव्ह आली तर विंडो पिरियडचा नियम लावायचा. रिअ‍ॅक्टिव्ह आली तर आयसीटीसीत जाऊन पक्कं निदान करून घ्यायचं. तोवर तुम्हाला पॉझिटिव्ह म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. घरी स्वतः करायच्या किटलाही हाच नियम लागू होतो.

रक्तपेढीचा वापर तपासणीसाठी मात्र कधीही करू नका. ‘रक्तदान केलं की फुकटात टेस्ट होते’ हा सल्ला आजही दिला जातो आणि तो घातक आहे. विंडो पिरियडमधलं रक्त चाचणीतून निसटू शकतं, आणि ते ज्याच्या शरीरात जाईल त्याचा यात काहीच दोष नसतो.

४. सोबत काय न्यावं

तपासणीसाठी फारसं काही लागत नाही. उपाशीपोटी जायची गरज नाही, आणि आधार कार्ड नाही म्हणून चाचणी नाकारता येत नाही. काही रुग्णालयांत आधी केसपेपर काढावा लागतो, म्हणून सकाळी ओपीडीच्या वेळेत जा म्हणजे रिपोर्ट त्याच दिवशी हातात पडेल. सोबत ठेवा:

– धोक्याच्या प्रसंगाची तारीख, कागदावर लिहून. समोर बसल्यावर नेमकी तीच आठवत नाही.
– आधीचे एचआयव्हीचे रिपोर्ट असतील तर ते, चाचणीच्या पद्धतीसह.
– पेप, प्रेप किंवा इतर चालू औषधांची नावं.
– गरोदर असाल तर माता-बाल संरक्षण कार्ड.
– निरोप घेता येईल असा फोन क्रमांक. तो घरातल्या सगळ्यांच्या वापरातला असेल तर समुपदेशकाला तसं सांगा.

वय १८ पेक्षा कमी असेल तर आई-वडील किंवा पालकांची संमती लागते.

५. समुपदेशकाशी बोला, मगच सही करा

सुईच्या आधी समुपदेशन होतं. समुपदेशक जोडीदार, निरोधचा वापर, सुया, शस्त्रक्रिया, रक्त चढवणं याबद्दल विचारतील. हे प्रश्न चारित्र्य जोखण्यासाठी नसतात. तुमचे दिवस नीट मोजता यावेत आणि आणखी कोणती तपासणी करायची ते ठरावं, म्हणून ते विचारतात. खरी माहिती द्या. पुरुषाचे पुरुषाशी संबंध असतील तर तेही सांगा, ते ऐकण्याची त्यांना सवय असते. गुप्तरोग, कावीळ बी आणि सी यांच्या चाचण्यांबद्दलही इथेच विचारा, कारण हे आजार त्याच वाटेने पसरतात.

तुमच्या नोंदीला एक पीआयडी क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक भेटीत तो लागतो.

कायदा इथे तुमच्या बाजूने आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार माहिती देऊन संमती घेतल्याशिवाय एचआयव्हीची चाचणी करता येत नाही. न्यायालयाचा आदेश, दान केलेल्या रक्ताची किंवा अवयवांची तपासणी असे मोजके अपवाद आहेत. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत गुपचूप एचआयव्हीची चाचणी उरकणं नियमाला धरून नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून ऑपरेशन नाकारणं हा तर सरळ भेदभाव आहे. नोकरी किंवा शाळा-कॉलेजातला प्रवेश देण्याआधी या चाचणीची अट घालायलाही कायद्याने मनाई आहे. कायद्याने राज्यात लोकपालाची तरतूद केली आहे. १०० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी असायला हवा, आणि रुग्णालयांसाठी ही मर्यादा २० माणसांची आहे.

६. रक्त घेतल्यावर लॅबमध्ये काय होतं

शिरेतून साधारण ५ मिली रक्त घेतात. ते गोठल्यावर वेगळा होणारा पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, चाचणीसाठी वापरतात. ट्यूबवर तुमचं नाव किंवा क्रमांक तुमच्यासमोर लिहिला जातोय याकडे लक्ष ठेवा. ट्यूबची अदलाबदल क्वचितच होते, पण झाली तर दोन माणसांचे रिपोर्ट चुकतात.

रॅपिड टेस्टच्या पट्टीवर विषाणूची कृत्रिमरीत्या बनवलेली प्रथिनं एका रेषेत बसवलेली असतात. सीरममध्ये प्रतिपिंडं असतील तर ती तिथे अडकतात आणि रंगीत रेघ किंवा ठिपका उमटतो. शेजारची दुसरी रेघ कंट्रोलची, म्हणजे किट नीट चाललं हे दाखवणारी असते. कंट्रोलची रेघ उमटली नाही, तर ती चाचणी बाद. मग चाचणीच्या रेघेत काहीही दिसो, नव्या किटवर पुन्हा करायची. निकाल किटवर छापलेल्या वेळेतच वाचायचा असतो. तासाभराने पाहिलं तर द्रव सुकून फसवी पुसट रेघ दिसू शकते, आणि घरी किट वापरणारे नेमके इथे चुकतात. उलट, वेळेत दिसलेली रेघ फिकट असली तरी ती रिअ‍ॅक्टिव्हच धरायची. किट उन्हात किंवा गरम खोलीत पडून राहिलं असेल तर ते भरवशाचं राहत नाही. किती तापमानात ठेवायचं ते त्याच्या खोक्यावर छापलेलं असतं.

आयसीटीसीतली पहिली चाचणी मुद्दाम अतिसंवेदनशील निवडलेली असते, म्हणजे संसर्ग सहसा तिच्यातून निसटत नाही. ती निगेटिव्ह आली तर निकाल निगेटिव्ह, तपासणी तिथेच थांबते. रिअ‍ॅक्टिव्ह आली तर त्याच सीरमवर वेगळ्या प्रथिनांच्या किंवा वेगळ्या तत्त्वाच्या आणखी दोन किटने चाचण्या करतात. कोणतीही लक्षणं नसलेल्या माणसाला पॉझिटिव्ह म्हणायचं तर तिन्ही चाचण्या रिअ‍ॅक्टिव्ह यायला हव्यात.

तीन कशासाठी, हे एका हिशोबातून कळेल. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे, म्हणजे १,००० माणसांत २. समजा, एक चाचणी संसर्ग नसलेल्यांना ९९.५ टक्के वेळा बरोबर ओळखते. ऐकायला हा आकडा उत्तम वाटतो. पण त्या १,००० माणसांत ९९८ जण संसर्ग नसलेले आहेत, आणि त्यांच्यातले अर्धा टक्का, म्हणजे जवळपास ५ जण, चुकून संसर्ग असलेले ठरतील. म्हणजे एकाच चाचणीवर थांबलो तर ७ जण रिअ‍ॅक्टिव्ह येतील आणि त्यातल्या ५ जणांना एचआयव्ही नसेलच. दुसरी आणि तिसरी चाचणी वेगळ्या प्रथिनांवर बेतलेली असल्यामुळे हे पाच जण तिथे गळतात. म्हणून एका चाचणीच्या कागदावरून लग्न मोडणं, नोकरी सोडणं किंवा जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा विचार करणं यासारखा अन्याय दुसरा नाही.

खोटा रिअ‍ॅक्टिव्ह निकाल ल्युपससारख्या स्वप्रतिकार आजारात (ज्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते), नुकत्याच घेतलेल्या एखाद्या लशीनंतर किंवा दुसऱ्या एखाद्या संसर्गामुळे येऊ शकतो. खोटा निगेटिव्ह बहुतेक वेळा विंडो पिरियडमुळे येतो, आणि कधी कधी आधीच चालू असलेल्या एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या, औषधांमुळे. पॉझिटिव्ह असलेली व्यक्ती औषधं घेत असताना ‘बरा झालो का बघू’ म्हणून पुन्हा पुन्हा चाचणी करते, तेव्हा असा गोंधळ होतो. एखादी चाचणी निगेटिव्ह आली म्हणून औषधं बंद करू नका.

७. रिपोर्टवरचे शब्द

आयसीटीसीच्या रिपोर्टवर पीआयडी, रक्त घेतल्याची तारीख, वापरलेल्या किट आणि निकाल असतो. रिपोर्ट तुमच्याच हातात, समुपदेशकासमोर दिला जातो. तो फोनवर मिळत नाही. नातेवाइकांना पाठवूनही मिळत नाही. ही अडवणूक वाटेल, पण गुप्तता राखायची तर हाच मार्ग आहे.

निगेटिव्ह किंवा नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह: तुमचे दिवस पूर्ण झाले असतील तर संसर्ग नाही. झाले नसतील तर पुढची तारीख लिहून घ्या.

पॉझिटिव्ह, तीन किटच्या नोंदीसह: निदान झालं. एचआयव्ही-१ आहे, एचआयव्ही-२ आहे की दोन्ही, हेही तिथे लिहिलेलं असतं. ते वाचा आणि डॉक्टरांना विचारा. एचआयव्ही-२ भारतात कमी आढळतो, पण पश्चिम भारतात त्याची नोंद १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. त्याच्यावर नेव्हिरापिन आणि एफाव्हिरेन्झ ही औषधं चालत नाहीत, आणि एचआयव्ही-१ साठी बनवलेल्या व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण मोजणाऱ्या, चाचणीत तो दिसत नाही. रिपोर्टमध्ये ‘२’ दिसला तर संदर्भ प्रयोगशाळेतून खात्री करून घेण्याचा आग्रह धरा.

इंडिटर्मिनेट, म्हणजे अनिर्णित: पहिली चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आणि पुढच्या दोनपैकी एकच रिअ‍ॅक्टिव्ह असेल तर हा निकाल येतो. अशा वेळी १४ ते २८ दिवसांनी पुन्हा रक्त देऊन तिन्ही चाचण्या करतात. संसर्ग अगदी ताजा असेल तर तेवढ्या दिवसांत प्रतिपिंडं वाढून चित्र स्पष्ट होतं. तरीही अनिर्णित राहिलं तर नमुना संदर्भ प्रयोगशाळेकडे वेस्टर्न ब्लॉट (प्रतिपिंडांची खात्री करणारी चाचणी) किंवा पीसीआरसाठी जातो. हे दिवस मनावर फार दडपण आणतात. समुपदेशकाला मध्येच भेटायला काहीच हरकत नाही, आणि १०९७ वरही बोलता येतं.

खासगी लॅबच्या रिपोर्टवर शब्दासोबत एक आकडा असतो, उदाहरणार्थ ०.१२ किंवा १.४ किंवा ३५०. नमुन्यातला संकेत आणि ठरवलेली मर्यादा यांचं ते गुणोत्तर आहे. सर्वसाधारणपणे १ च्या खाली नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, १ किंवा वर रिअ‍ॅक्टिव्ह. तो आकडा म्हणजे विषाणूंची संख्या नव्हे. ०.१२ चा पुढच्या वेळी ०.२५ झाला म्हणून संसर्ग वाढतोय, असा अर्थ होत नाही. १ च्या जेमतेम वर असलेले आकडे अनेकदा खोटे ठरतात, पण अगदी ताज्या संसर्गातही आकडा कमीच असू शकतो. म्हणून अंदाज बांधू नका, पुढची पायरी करा.

८. दोन रिपोर्ट जुळत नाहीत तेव्हा

हा प्रसंग बऱ्याच जणांवर येतो. खासगी लॅबमध्ये रिअ‍ॅक्टिव्ह आलं, आयसीटीसीत निगेटिव्ह आलं. बहुतेक वेळा खासगी चाचणीचा निकाल खोटा असतो आणि सुटकेचा निःश्वास टाकता येतो. पण त्याआधी एक गोष्ट तपासा: धोक्याचा प्रसंग गेल्या तीन महिन्यांतला आहे का?

तसा असेल तर दोन्ही रिपोर्ट एकाच वेळी बरोबर असू शकतात. खासगी चाचणी चौथ्या पिढीची असेल तर तिने पी२४ प्रथिन पकडलेलं असू शकतं. आयसीटीसीतल्या रॅपिड किट प्रतिपिंडं शोधतात, आणि ती अजून तयार झालेली नसतात. अशा माणसाला ‘निगेटिव्ह आहात, जा’ असं सांगून घरी पाठवणं म्हणजे संसर्गाच्या सर्वांत धोकादायक टप्प्यात त्याला मोकळं सोडणं. दोन्ही कागद आणि दोन्ही तारखा समुपदेशकासमोर ठेवा. नॅट चाचणी करता येईल का ते विचारा. ती शक्य नसेल तर १४ ते २८ दिवसांनी पुन्हा तपासणी करा, आणि तोवर निरोध वापरा. या टप्प्यात काहींना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ येतं, काहींना काहीच होत नाही. डेंग्यूतही ताप आणि पुरळ असतं. त्यामुळे लक्षणांवरून हो किंवा नाही ठरवू नका.

९. ज्या चाचण्या निदानासाठी नाहीत

सीडी४ या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजणं म्हणजे प्रतिकारशक्तीचा अंदाज घेणं. क्षयरोगात किंवा साध्या विषाणूजन्य तापातही हा आकडा उतरतो. सीडी४ कमी म्हणजे एचआयव्ही, असं कोणी सांगितलं तर मानू नका.

व्हायरल लोड ही औषधांचा परिणाम पाहण्यासाठी केलेली चाचणी आहे. निदान करताना तिच्यावर एकटीवर विसंबायचं नाही. अगदी कमी आकडा खोटा असू शकतो, आणि आधीपासून औषधं घेणाऱ्याचा आकडा शून्याजवळ दिसतो.

वेस्टर्न ब्लॉटला अनेक जण आजही शेवटचा शब्द समजतात. पण ताज्या संसर्गात ती उशिरा पॉझिटिव्ह होते. अमेरिकेने २०१४ मध्ये आपल्या निदानाच्या क्रमातून तिला काढून टाकलं आणि तिच्या जागी चौथ्या पिढीची चाचणी, मग एचआयव्ही-१ आणि २ वेगळे ओळखणारी चाचणी, आणि गरज पडली तर नॅट, असा क्रम आणला.

१०. निदान पक्कं झालं तर

आयसीटीसीतून एआरटी सेंटरसाठी चिठ्ठी मिळते. तिथे नोंदणीसाठी आयसीटीसीचा रिपोर्ट लागतो, खासगी लॅबचा चालत नाही. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा आणि फोटो सोबत न्या. शक्य असेल तर त्याच दिवशी जा, कारण गळती याच टप्प्यावर होते. चिठ्ठी खिशात राहते, महिने जातात आणि माणूस थेट क्षयरोग घेऊन परत येतो.

भारतात २०१७ पासून सीडी४ कितीही असला तरी सर्वांना उपचार सुरू करतात आणि औषधं मोफत आहेत. सुरुवातीला सीडी४, हिमोग्लोबिनसह रक्ताच्या पेशी, किडनी आणि यकृताच्या तपासण्या, कावीळ बी व सी, गुप्तरोग यांच्या चाचण्या होतात. खोकला, ताप, घटलेलं वजन, रात्री येणारा घाम हे सगळं विचारलं जाईल. क्षयरोग लपलेला असेल तर त्याचा उपचार आधी ठरवावा लागतो. रोज एक गोळी हा आजचा नेहमीचा उपचार आहे. तो नियमित घेतला आणि व्हायरल लोड न सापडण्याइतका खाली राहिला, तर संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही.

जोडीदाराची आणि गरजेप्रमाणे मुलांची तपासणी करायची असते. घरी कसं सांगायचं हे एकट्याने ठरवू नका. जोडीदाराला केंद्रात घेऊन या आणि समुपदेशकासमोर सांगा. मारहाणीची किंवा घराबाहेर काढलं जाण्याची भीती असेल तर ती आधी बोलून दाखवा. उत्पन्न तुटपुंजं असेल तर महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेबद्दल तहसील कार्यालयात चौकशी करा.

११. गरोदरपण आणि बाळ

पहिल्याच गरोदर तपासणीत एचआयव्ही आणि सिफिलिस या दोन्ही चाचण्या करून घ्या. ऐन प्रसूतीच्या वेळी पहिल्यांदाच दवाखान्यात आलेल्या बाईची बोटाला टोचून तपासणी होते आणि रिअ‍ॅक्टिव्ह आल्यास औषधं लगेच सुरू करतात; पक्कं निदान नंतर आयसीटीसीत होतं.

आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाची रॅपिड टेस्ट सुरुवातीच्या महिन्यांत काहीच सांगत नाही. आईची प्रतिपिंडं नाळेतून बाळाकडे येतात आणि १८ महिन्यांपर्यंत टिकू शकतात. तीन महिन्यांच्या बाळाची रॅपिड टेस्ट करून ‘बाळही पॉझिटिव्ह’ असं सांगणारा माणूस चुकतोय.

बाळासाठी पीसीआरची वेगळी व्यवस्था आहे. सहा आठवड्यांचं झालं, म्हणजे पेंटाव्हॅलंट लशीच्या पहिल्या डोसच्या वेळीच, बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब एका खास कागदी कार्डावर घेतात. कार्ड किमान चार तास सावलीत, पंख्याची किंवा उन्हाची मदत न घेता सुकू द्यावं लागतं, मग ओल शोषणाऱ्या पुडीसह बंद पिशवीतून प्रयोगशाळेत जातं. गोल पूर्ण भरला नाही, थेंबावर थेंब टाकला किंवा कार्ड ओलंच बंद केलं, तर नमुना नाकारला जातो आणि बाळाचे मोलाचे आठवडे वाया जातात. रिपोर्ट यायला वेळ लागतो, तो आणण्यासाठी पाठपुरावा करा.

पॉझिटिव्ह आलं तर दुसरं कार्ड घेतात आणि त्याच्या निकालासाठी न थांबता उपचार सुरू करतात, कारण उपचाराविना बाळाची तब्येत फार झपाट्याने ढासळते. निगेटिव्ह आलं तर सहाव्या आणि बाराव्या महिन्यात पुन्हा तपासणी. या वयात आधी रॅपिड टेस्ट होते आणि ती रिअ‍ॅक्टिव्ह आली तरच कार्ड पाठवतात. अंगावरचं दूध चालू आहे तोवर धोका पूर्ण संपत नाही. म्हणून आईने आपली गोळी चुकवायची नाही, आणि दूध पूर्ण बंद झाल्यावर पुन्हा तपासणी करायची. आधीचे सगळे निकाल निगेटिव्ह असले तरी अठराव्या महिन्यातली तपासणी चुकवू नका. बाळाला एचआयव्ही नाही हे पक्कं तिथेच ठरतं, आणि तोवर त्याची फाइल बंद होत नाही.